विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये एकच सामना, तरीही इतिहासात मान… स्वतंत्र भारताचे पहिले फुटबॉल कर्णधार डॉ. तालिमेरेन आओ कोण होते?

स्वतंत्र भारताने ऑलिम्पिकमधला पहिला फुटबॉल सामना ३१ जुलै १९४८ रोजी खेळला. त्या संघाचा कर्णधार वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी होता. नागा टेकड्यांतल्या एका खेड्यात जन्मलेल्या या बचावपटूने त्याच्या दोन दिवस आधी लंडनमध्ये भारतीय पथकापुढे तिरंगाही धरला होता. पुढे दोनच वर्षांत तो डॉक्टर झाला आणि आपल्या माणसांत परतला. डॉ. तालिमेरेन आओ यांच्या या छोट्या, पण महत्त्वाच्या कारकिर्दीचा वेध.

चांगकीपासून कोलकात्यापर्यंत…

आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या गावी झाला. तेव्हा हा भाग आसाममधील नागा हिल्स जिल्ह्यात होता, आज तो नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात येतो. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. १९३५ मध्ये टायफॉइडने त्यांचे निधन झाले. मुलाने डॉक्टर होऊन नागा लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण करायची, हे आओ यांनी मनाशी पक्के केले. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजमध्ये शिकताना ते अॅथलेटिक्स आणि फुटबॉल दोन्हींत चमकले. तिथल्या महाराणा क्लबकडूनही ते खेळले. त्यानंतर वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी कोलकाता गाठले आणि कारमायकेल मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. हेच आजचे आर. जी. कर मेडिकल कॉलेज.

ते नेमके कोणत्या जागी खेळत?

१९४३ मध्ये आओ मोहन बागान क्लबमध्ये दाखल झाले आणि पुढे त्यांनी क्लबचे नेतृत्वही केले. त्या काळी संघाची मांडणी सहसा २-३-५ अशी असे. म्हणजे मागे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तीन हाफ आणि सर्वांत पुढे पाच आघाडीपटू. या तिघांतला मधला खेळाडू म्हणजे सेंटर हाफ. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला मधोमध रोखायचा आणि चेंडू मिळताच तो आघाडीपटूंकडे सोपवायचा, असे दुहेरी काम त्याला करावे लागे. आओ याच जागेवर नावारूपाला आले. संपूर्ण मैदान डोळ्यांसमोर असल्याने कर्णधारासाठीही ही जागा सोयीची होती.

१९४८ची निवड का महत्त्वाची?

१४ ऑगस्ट १९४७ रोजी नागा नॅशनल कौन्सिलने नागा प्रदेशाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली होती. नागा टेकड्यांचे भारताशी नाते काय असावे, हा प्रश्न धगधगत होता. अशा वेळी, जेमतेम वर्षभरात, त्याच टेकड्यांतला एक तरुण भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार झाला. २९ जुलै १९४८ रोजी वेम्बली स्टेडियमवरील उद्घाटन सोहळ्यात भारताचा ध्वज त्याच्याच हाती होता. स्वतंत्र देश म्हणून भारताचे हे पहिलेच ऑलिम्पिक. याच पथकात साताऱ्याच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधवही होते.

फ्रान्सविरुद्ध काय घडले?

ब्रह्मदेशाने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली आणि गाठ पडली थेट फ्रान्सशी. लंडनजवळच्या इलफर्ड येथील क्रिकलफील्ड मैदानावर हा सामना झाला. भारताच्या ११ पैकी आठ खेळाडू अनवाणी उतरले होते. ३०व्या मिनिटाला रेने कुर्बें यांनी फ्रान्सला आघाडी मिळवून दिली. ७०व्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी गोल करून भारताला बरोबरी साधून दिली. मात्र भारताला मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. एक शैलेन मन्ना यांनी दवडली, तर दुसरी महाबीर प्रसाद यांनी. ८९व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारताचा १-२ असा निसटता पराभव झाला. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने आओ यांची ऑलिम्पिक कारकीर्द त्या ९० मिनिटांतच संपली.

अनवाणी खेळण्याचे कारण काय?

अनवाणी खेळणे ही त्या काळच्या अनेक भारतीय खेळाडूंची सवय होती. चेंडूवर ताबा ठेवायला उघडा पाय त्यांना सोयीचा वाटे. लंडनमध्ये पत्रकारांनी याबद्दल छेडले तेव्हा आओ यांनी, आम्ही खेळतो तो फुटबॉल आणि तुम्ही खेळता तो बूटबॉल, अशा आशयाची कोटी केल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. कोटी खुमासदार असली, तरी भारतीय फुटबॉलला ही सवय पुढे सोडावी लागली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

फुटबॉल मागे का पडला?

लंडनमधील खेळानंतर आर्सेनल क्लबने आओ यांना करार देऊ केला होता आणि शिक्षण अर्धवट सोडायचे नाही म्हणून त्यांनी तो नाकारला, असे सांगितले जाते. त्या काळी भारतात फुटबॉल हा भरवशाचा व्यवसाय नव्हता. वडिलांची इच्छा आणि हाती येऊ घातलेली पदवी यांपुढे त्याचे पारडे हलके ठरले. १९५० मध्ये ते एमबीबीएस झाले. १९५१च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने मन्ना यांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आओ वैद्यकीय सेवेकडे वळले होते. १९५० च्या दशकात ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. १९६३ मध्ये नागालँड राज्य अस्तित्वात आल्यावर त्यांनी राज्याचे आरोग्य संचालकपद सांभाळले आणि १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. नागा टेकड्यांत सशस्त्र संघर्ष सुरू असतानाची ही वर्षे होती. डॉक्टरची तिथे किती गरज होती, हे वेगळे सांगायला नको.

आज त्यांचे स्मरण कसे होते?

१३ सप्टेंबर १९९८ रोजी आओ यांचे निधन झाले. आसाममधील कालियाबोर येथील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ईशान्येकडील राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेचा करंडकही त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि २०१८ या जन्मशताब्दी वर्षात टपाल तिकीटही निघाले. आज ईशान्येतील खेळाडूंशिवाय भारतीय संघाची कल्पनाच करता येत नाही. मात्र १९४८ मध्ये चित्र तसे नव्हते. त्या वाटेवरून सर्वांत आधी गेलेला खेळाडू कर्णधार म्हणूनच गेला आणि दोन वर्षांनी डॉक्टर होऊन त्याच वाटेने घरी परतला.