जॉन हंटर

जॉन हंटर (इ.स. १७२८ - १६ ऑक्टोबर, इ.स. १७९३) हे स्कॉटिश शल्यचिकित्सक व शरीररचनाशास्त्रज्ञ होते. दातांचा शास्त्रीय अभ्यास आणि ऊतींच्या प्रत्यारोपणाचे प्रयोग यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

हंटर यांचा जन्म स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडजवळच्या लाँग कॅल्डरवुड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. १७४८ साली ते लंडनला आले आणि थोरले बंधू विल्यम यांच्या शरीररचनाशास्त्राच्या शाळेत शवविच्छेदनाचे काम करू लागले. सप्तवार्षिक युद्धात त्यांनी लष्करी शल्यचिकित्सक म्हणून सेवा केली. १७६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व १७६८ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून नियुक्त झाले. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य होत.

दंतशास्त्रातील कार्य

मानवी दातांच्या नैसर्गिक इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १७७१ मध्ये व दंतरोगांवरील ग्रंथ १७७८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकताच काढलेला मानवी दात त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. तुऱ्यातील रक्तवाहिन्या दाताशी जोडल्या गेल्याचे त्यांना आढळले. यावरून, एका शरीरातून काढलेला सजीव भाग दुसऱ्या शरीरात जगू शकतो, असे मत त्यांनी मांडले.

टीका

हंटर यांच्या पाठिंब्यामुळे दंतप्रत्यारोपणाला प्रतिष्ठा मिळाली. श्रीमंतांच्या हिरड्यांत बसवण्यासाठी गरीब मुले-माणसे पैशांकरिता आपले निरोगी दात विकत असत. असे दात बहुधा कायमचे टिकत नसत. शिवाय त्यांतून उपदंशासारखे रोग पसरण्याची भीती होती. पुढे ही पद्धत मागे पडली.

वारसा

हंटर यांनी जमवलेले सुमारे १४,००० नमुने त्यांच्या मृत्यूनंतर, १७९९ मध्ये, ब्रिटिश सरकारने विकत घेतले. लंडनमधील हंटेरियन संग्रहालय त्यांतूनच उभे राहिले. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात यांतील बरेच नमुने नष्ट झाले.

गमावलेल्या दाताच्या जागी सजीव ऊती आणण्याचा हंटर यांचा प्रश्न आजच्या पुनरुत्पादक दंतवैद्यकातही कायम आहे. २००१ मध्ये मानवी मेद ऊतीपासून मिळवलेल्या पेशींचे अस्थी, कास्थी इत्यादी पेशींत रूपांतर होऊ शकते, असे दिसून आले. अशा मूलपेशींपासून दंतगर व दाताभोवतीच्या आधार ऊती पुन्हा निर्माण करता येतील का, यावर संशोधन सुरू आहे. या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातून घेता येत असल्याने दुसऱ्याचा दात काढण्याची गरज त्यात उरत नाही.