मातीचा इंग्रज शिष्य

धानाची कापणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातील ज्या बांध्यांत रब्बीचे पीक नसते, त्या मृगापर्यंत उघड्या पडतात. ऊन त्यांना भाजून काढते आणि पहिल्या सरींबरोबर सुपीक माती तलावांच्या तळाशी जाऊन बसते. या संदर्भात आल्बर्ट हॉवर्ड या कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र उद्बोधक आहे.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजचे शिक्षण घेतलेले हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. आले ते शिकवावयास. परंतु आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषधांवाचून निरोगी राहतात, हे पाहून त्यांनी शिष्यत्व पत्करले. तृणधान्याबरोबर कडधान्य पेरण्यात अडाणीपणा नसून जमिनीचा कस राखण्याचे शहाणपण आहे, हे त्यांनी ओळखले. वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाचे सुधारित वाण काढले. तागाच्या हिरवळीच्या खताचेही प्रयोग केले.

१९२४ मध्ये इंदूर येथे त्यांनी स्वतंत्र संशोधनसंस्था उभारली. तेथे यशवंत वाड यांच्या सहकार्याने काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत सिद्ध झाली. १९३१ साली दोघांच्या नावे तिच्यावरील ग्रंथ निघाला. त्याआधीच, १९३० मध्ये, गॅब्रिएल निवर्तल्या होत्या. हॉवर्ड मायदेशी परतले आणि १९४७ मध्ये मृत्यू येईपर्यंत केवळ रासायनिक खतांवर विसंबणाऱ्या शेतीविरुद्ध लिहीत राहिले. त्यांची सर्वच मते शास्त्राच्या कसोटीस उतरली नाहीत. पण मातीतील सेंद्रिय अंश हेच शेतीचे भांडवल, हा त्यांचा मूळ सिद्धांत टिकला.

आपल्याकडील उतेरा पद्धतीत हाच विचार आहे. उभ्या धानात, ओल असतानाच, लाखोरी किंवा जवस फेकून पेरतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. धान निघते तेव्हा जमीन हिरवी झालेली असते. लाखोरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. या डाळीच्या अतिसेवनाने पांगळेपणा येतो, हे खरे. म्हणून कमी विषारी वाण निवडावेत. पण तेवढ्यासाठी पद्धतच मोडीत काढणे योग्य नव्हे. कापणीची जड यंत्रे, मोकाट गुरे आणि पोत्यातल्या खताची सवय यांपुढे उतेरा टिकवायचा, तर गावाने चराईचे नियम करावेत आणि कृषी खात्याने बियाणे वेळेवर द्यावे.

परदेशी शास्त्रज्ञाने शेतकऱ्याच्या बांधावर बसून जे शिकून घेतले, ते आपल्या मुलांना केवळ पुस्तकातून शिकण्याची पाळी येऊ नये.