कोंबडीच्या गाठीतला विषाणू

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९०९ साली छातीवर मोठी गाठ असलेली एक कोंबडी आली. तिशीच्या उंबरठ्यावरच्या पेटन राउस या डॉक्टरांकडे तिथे कर्करोगाच्या संशोधनाचे काम नुकतेच आले होते. त्यांनी गाठ काढून तिचे तुकडे त्याच जातीच्या इतर कोंबड्यांत रुजवले. त्यांतल्या काहींना तशीच गाठ झाली.

मग त्यांनी गाठ वाटून तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी सोडाच, जिवाणूही पलीकडे जाऊ नयेत. तो गाळीव द्रव निरोगी कोंबड्यांना टोचला. पुन्हा कर्करोग! म्हणजे कारण जिवाणूपेक्षाही लहान होते. १९११ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि बहुतेक तज्ज्ञांनी बाजूला सारले. कोणी म्हणाले हा खरा कर्करोगच नव्हे, कोणी म्हणाले कोंबडीचे माणसाला लागू नाही. उंदरांच्या गाठींत राउस यांनाही विषाणू सापडेना. काही वर्षांनी त्यांनी हा विषय सोडून दिला.

माणूस चिवट होता. जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकताना क्षयरोग्याचे शवविच्छेदन करताना त्यांचे बोट कापले, संसर्ग काखेतल्या गाठींपर्यंत गेला. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर टेक्सासमध्ये गुराख्यांबरोबर राहून ते सावरले. कोंबड्या सोडल्यावर ते रक्ताकडे वळले. सायट्रेट आणि साखर घालून रक्त काही आठवडे टिकवण्याची रीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने काढली. पहिल्या महायुद्धात आघाडीजवळ रक्ताचा साठा करता आला तो तिच्यामुळेच. आजच्या रक्तपेढीचे मूळ तिथे आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

१९३० च्या दशकात रिचर्ड शोप या मित्राने रानसशाच्या चामखिळींतला विषाणू त्यांच्या हवाली केला आणि राउस पुन्हा कर्करोगाकडे आले. सशाच्या कातडीला डांबर चोळून मग हा विषाणू दिला, तर कर्करोग लवकर होई. विषाणू एकटा सगळे करत नाही, त्याला जोड लागते, हा या प्रयोगांचा अर्थ. आजही तो विसरून चालत नाही.

नोबेल पारितोषिक मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. पहिल्या शोधानंतर ५५ वर्षांनी. गंमत अशी की, जनुकांतल्या बदलांमुळे कर्करोग होतो हे मत त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. १९७० मध्ये ते गेले. सहाच वर्षांनी बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने दाखवले की, राउस यांच्या विषाणूतला कर्करोग करणारा ‘सार्क’ जनुक मूळचा निरोगी पक्ष्यांच्या पेशींतलाच आहे. विषाणूने तो कधीतरी उचलला होता. राउस यांच्याच विषाणूने त्यांचे मत खोडून काढले.

हा जनुक माणसातही आहे. मोठ्या आतड्याच्या अनेक कर्करोगांत त्याचे प्रथिन नेहमीपेक्षा जास्त सक्रिय आढळते. पण म्हणून कोंबडीचा विषाणू आतड्यात शिरतो असे नाही. कोंबडी खाल्ल्याने हा आजार होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे पॅपिलोमा विषाणू आणि यकृताच्या अनेक कर्करोगांमागे हिपॅटायटिस बी व सी असतात, हे सिद्ध आहे. त्यांतल्या पॅपिलोमा आणि बी यांच्यावर लसही आहे. मोठ्या आतड्याबाबत जेसी विषाणू आणि सायटोमेगॅलोव्हायरस यांचे अंश काही संशोधकांना गाठींत सापडले, काहींना नाही. सापडले तरी ते कारण आहेत की आधीच बिघडलेल्या पेशींत नंतर शिरलेले पाहुणे, हे ठरलेले नाही. त्यामुळे आतड्याच्या कर्करोगासाठी विषाणूची तपासणी करून घेण्यात आज काही अर्थ नाही. शौचावाटे रक्त जात असेल किंवा पन्नाशीनंतर कारण नसताना रक्त कमी होत असेल, तर ते मूळव्याधीवर ढकलून न देता डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे. मस्से तेव्हाच सापडले, तर ते कर्करोग होण्याआधीच काढून टाकता येतात.