स्वतःच्याच हृदयात नळी घातली, नोकरी गेली अन् 27 वर्षांनी थेट नोबेल मिळालं

घरात कुणाच्या तरी छातीत दुखायला लागतं. ईसीजी होतो, टू-डी इको होतो आणि मग डॉक्टर सांगतात की अँजिओग्राफी करून घेऊ. मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेणार, एवढं ऐकलं तरी पेशंटपेक्षा नातेवाईकांनाच जास्त घाम फुटतो. हृदयात नळी? मग माणूस वाचतो का?

हाच प्रश्न 1929 साली जर्मनीतल्या मोठमोठ्या डॉक्टरांना पडला होता, आणि त्यांचं उत्तर होतं, नाही. हृदयावरची जखम शिवून पेशंट वाचवल्याचं उदाहरण जर्मनीतच होतं. फ्रँकफर्टमध्ये 1896 साली लुडविग रेन या सर्जनने ते करून दाखवलं होतं. पण धडधडत्या हृदयाच्या आत एखादी वस्तू मुद्दाम न्यायची, हा विचारच वेडेपणाचा समजला जायचा.

तो वेडेपणा ज्याने केला त्याचं नाव वर्नर फोर्समन.

29 ऑगस्ट 1904 ला बर्लिनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील वकील. पहिल्या महायुद्धात ते गेले तेव्हा वर्नर अकरा-बारा वर्षांचा होता. पुढे आई आणि आजीने त्याला वाढवलं. बर्लिन विद्यापीठातून तो डॉक्टर झाला आणि बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे नावाच्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये सर्जरी शिकायला लागला. म्हणजे नाव नाही, गॉडफादर नाही, संशोधनाची लॅबही नाही.

त्याच्या डोक्यात एक जुनं चित्र बसलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात शोव्हो आणि मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून नळी सरकवून थेट हृदयातला दाब मोजला होता. घोडा मेला नव्हता. मग माणूस का मरेल, असा फोर्समनचा साधा प्रश्न होता.

हे सगळं त्याला नुसत्या कुतूहलापोटी करायचं नव्हतं. त्या काळी पेशंटचं हृदय बंद पडायला लागलं की छातीतून लांब सुई खुपसून औषध हृदयात सोडायचे. सुई अंदाजाने जायची. एखादी रक्तवाहिनी फाटली तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचायचं आणि वाचवायला घेतलेला पेशंट त्या उपचारानेच जायचा. त्यापेक्षा हाताच्या शिरेतून नळी नेली तर? रक्त त्याच वाटेने हृदयाकडे चाललेलं असतं, नळीलाही तीच वाट सापडेल.

त्याने हे वरिष्ठांना, म्हणजे डॉ. रिचर्ड श्नायडर यांना सांगितलं. त्यांनी पेशंटवर प्रयोग करायला नकार दिला. मग मी स्वतःवर करतो म्हटल्यावर तेही नको म्हणाले.

इथून पुढची हकीकत फोर्समनने नंतर आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि ती एखाद्या सिनेमात शोभेल अशी आहे.

ऑपरेशनची निर्जंतुक हत्यारं ज्या कपाटात असायची त्याच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या सिस्टरकडे होत्या. त्यामुळे आधी तिला पटवणं भाग होतं. फोर्समन रोज तिच्याशी या विषयावर बोलायला लागला. शेवटी तिला कल्पना इतकी पटली की प्रयोग माझ्यावरच करा, असं तिने सांगून टाकलं. 1929 च्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी हॉस्पिटलमध्ये सामसूम असताना तिने हत्यारं काढून दिली. फोर्समनने तिला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं आणि हातपाय पट्ट्यांनी बांधले.

मग तो तिच्या नजरेआड गेला, स्वतःच्या डाव्या हाताला भुलीचं इंजेक्शन दिलं, कोपराजवळची शीर उघडली आणि नळी आत सरकवायला सुरुवात केली. ही नळी खरंतर मूत्रमार्गाच्या तपासणीसाठी असायची. हृदयासाठी कॅथेटर नावाची चीज तेव्हा अस्तित्वातच नव्हती. आपल्याला फसवलंय हे सिस्टरला कळलं तेव्हा नळी बरीच आत गेलेली होती. ती भडकली, आणि तिचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. हा प्रसंग कितीही रंगवून सांगितला जात असला, तरी एका बाईने विश्वासाने होकार दिला आणि तिला टेबलाला बांधून ठेवलं गेलं, ही त्यातली खटकणारी बाजू आहेच.

फोर्समनने तिला सोडवलं आणि दोघं एक्स-रे विभागाकडे निघाले. हाताच्या शिरेत नळी तशीच ठेवून हा माणूस जिना उतरून खाली चालत गेला. एक्स-रेच्या पडद्यासमोर उभा राहिला. सिस्टरने समोर आरसा धरला आणि त्या आरशात बघत बघत त्याने नळी आणखी पुढे सरकवली. शिरेच्या आत त्याला किंचित गरम वाटत होतं. नळी गळ्याच्या हाडामागून जाताना थोडा खोकला आला. बस, एवढंच.

तेवढ्यात पीटर रोमाइस हा त्याचा सहकारी डॉक्टर धावत आला आणि नळी ओढून काढायला लागला. फोर्समनने त्याच्या नडगीवर लाथा घालून त्याला थोपवलं. 65 सेंटीमीटर नळी आत गेली होती आणि तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचलं होतं. त्याने एक्स-रे काढून घेतला आणि मगच नळी बाहेर काढली.

तो एक्स-रे सगळ्यात महत्त्वाचा ठरला. कारण लेख छापून आल्यावर बर्लिनमधल्या एका डॉक्टरांनी दावा केला की शिरेतून नळी घालण्याचे प्रयोग आम्ही 1912 मध्येच केलेत. प्रयोग झाले होते हे खरं, पण नळी हृदयापर्यंत पोचली याचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. फोर्समनकडे होता.

श्नायडर आधी चिडले, पण एक्स-रे बघून विरघळले. मरणाच्या दारात असलेल्या एका बाईवर नळीतून औषध द्यायची परवानगीही त्यांनी दिली. नोव्हेंबर 1929 मध्ये लेख प्रसिद्ध झाला. फोर्समन तोपर्यंत बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये, त्या काळचे सर्वात वजनदार सर्जन फर्डिनांड साउअरब्रुख यांच्याकडे गेला होता. वर्तमानपत्रांत गवगवा झाला, साहेबांना तो अजिबात रुचला नाही आणि पोराला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

तरी तो थांबला नाही. एक्स-रेमध्ये दिसणारं औषध, म्हणजे ज्याला आज आपण डाय म्हणतो, ते हृदयात सोडून आतलं चित्र मिळवायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठी त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले. हे कुत्रे आईच्या घरी ठेवायचे, गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि पोत्यात घालून मोटारसायकलवरून हॉस्पिटलला न्यायचे, असा उद्योग चालायचा. (आईचं कौतुक वेगळं करायला हवं.) नंतर त्याने तो डाय स्वतःवरही वापरून बघितला. स्वतःच्या हृदयात त्याने एकूण नऊ वेळा नळी घातली.

पण हृदयाच्या वाटेवर त्याला कुणी उभं करेना. शेवटी त्याने तो नाद सोडला आणि यूरोलॉजीकडे वळला. म्हणजे नळी जिथून उचलली होती, तिथेच परत.

याच काळात त्याने आणखी एक गोष्ट केली. 1932 मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेत येण्याच्याही आधी, तो नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि 1945 पर्यंत राहिला. सत्तेच्या दबावाखाली घेतलेलं ते सदस्यत्व नव्हतं. युद्धात तो लष्करी डॉक्टर होता, पुढे युद्धकैदी झाला. सुटून आला तेव्हा पक्षाच्या सदस्यत्वामुळे त्याला डॉक्टरकी करायला बंदी होती. लाकूडतोड्याचं काम करून त्याने दिवस काढले. ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्यात त्याची बायको एल्सबेट, जी स्वतः डॉक्टर होती, दवाखाना चालवायची. सहा मुलांचं घर तिच्यावर चाललं. 1950 पासून तो बाड क्रॉइझनाख या गावात यूरोलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करायला लागला.

दरम्यान तिकडे न्यूयॉर्कमध्ये वेगळंच घडत होतं. आंद्रे कूर्नान आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोन डॉक्टरांनी फोर्समनचा विसरलेला लेख वाचला होता. 1941 पासून त्यांनी बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये हीच पद्धत पेशंटवर शिस्तीत वापरली. हृदयातला दाब, रक्तातला ऑक्सिजन असं सगळं मोजता यायला लागलं. 1956 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना जाहीर झालं आणि तिसरं नाव होतं बाड क्रॉइझनाखच्या यूरोलॉजिस्टचं. पुढे 1958 मध्ये डसेलडॉर्फच्या एका हॉस्पिटलमध्ये तो सर्जरी विभागाचा प्रमुख झाला. हृदयाच्या संशोधनात परतायला मात्र उशीर झाला होता. विज्ञान त्याच्या पुढे निघून गेलं होतं.

त्याच 1958 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स या डॉक्टरच्या हातून चुकून डाय थेट हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गेला. पेशंट वाचला आणि ब्लॉकेज दाखवणारी आजची अँजिओग्राफी तिथून सुरू झाली. फोर्समन शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला गेला होता. अँजिओग्राफीत मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून, डावीकडच्या वाटेने जातात. वाट वेगळी, पण चाल तीच: लहानशी भूल, बारीक नळी, डाय आणि एक्स-रे.

त्यामुळे आज घरात कुणाची अँजिओ ठरली की जी तयारी सांगतात, ती या चार गोष्टींशीच जोडलेली असते. डाय किडनीवाटे बाहेर पडतो म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. आधी कधी डायची अ‍ॅलर्जी आली असेल, दमा असेल, किडनीचा त्रास असेल तर ते न विचारताही सांगायचं. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर त्यांचं काय करायचं हे डॉक्टरच ठरवतात. लोक हमखास इथे चुकतात, कुणी शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी बंद करतं तर कुणी सांगायलाच विसरतं. काही तास उपाशी राहायला सांगतात, ते किती हे हॉस्पिटलला विचारून घ्यायचं. सहसा भूल फक्त नळी घालतात तिथे असते, पेशंट जागा असतो. नळी आत फिरताना बहुतेकांना कळतही नाही, डाय सोडल्यावर मात्र काही क्षण अंगात गरम वाटू शकतं. नंतर मनगटावर घट्ट पट्टा बांधतात. जांघेतून केली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. फोर्समनसारखं जिना उतरून चालत जायचं नसतं.

आंद्रेआस ग्रुंट्झिग या जर्मन डॉक्टरने 16 सप्टेंबर 1977 ला झ्युरिकमध्ये नळीच्या टोकावरचा फुगा फुगवून हृदयाची तुंबलेली धमनी उघडली. ती जगातली पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी. तेव्हा फोर्समन 73 वर्षांचा होता. त्यानंतर दोन वर्षंही झाली नाहीत तोवर, 1 जून 1979 ला, शॉपफहाइम या गावी तो गेला. हृदयविकारानेच.