चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाच्या अहवालात आज सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस यांचे आकडे असतात. या विकाराचा शास्त्रीय अभ्यास रुजविणारे रिचर्ड ब्राइट यांच्यापाशी मात्र होते एक चमचा आणि एक मेणबत्ती.

ब्रिस्टॉल येथे १७८९ मध्ये जन्मलेल्या ब्राइट यांना भूगर्भशास्त्राची ओढ होती. १८१० मध्ये ते आइसलँडच्या मोहिमेवरही गेले. खडक न्याहाळणारा हा माणूस पुढे देहातील क्षारांच्या दारापर्यंत पोचला, हा योगायोगच म्हणायचा.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयात ते अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन ज्योतीवर तापवीत. ती गोठली की तीत अल्ब्युमिन आहे हे उघड होई. रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात मूत्रपिंडे तपासीत. सूज, अल्ब्युमिन आणि विकृत मूत्रपिंड यांचे नाते त्यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. रक्तात युरिया साठतो, हे जाणण्यास रसायनतज्ज्ञ जॉन बॉस्टॉक यांची मदत झाली. निदान नेमके होते. उपचार मात्र रक्त काढणे, जुलाब देणे यांपलीकडे फारसे नव्हते.

ब्राइट १८५८ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाने ओळखला गेलेला विकार एक नसून अनेक आहेत, हे नंतर कळले. त्यांतील काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच मूत्रपिंडातील गाळण्यांवर उलटते. गाळण्या निकामी झाल्या की पोटॅशियम साठून हृदय थांबू शकते, तर साठलेल्या फॉस्फरसमुळे हाडे कमकुवत होतात. रक्तातील सोडियम-पोटॅशियम झटपट मोजणारी उपकरणे रुग्णालयांत रुळली ती १९४० च्या दशकानंतर. तीही ज्योतीवरच चालत.