वर येण्याचं शास्त्र

समुद्रात खोल उतरायला धाडस लागतं, पण खरी कसोटी असते ती वर येताना. आज पाणबुड्याच्या मनगटावर घड्याळाएवढा संगणक असतो. किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, याचा हिशेब मांडून वर येताना कुठे किती थांबायचं ते तो सांगतो. या हिशेबाचा पाया जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने घातला. त्याची हकीकत मला विलक्षण वाटते.

हॉल्डेन १८६० साली एडिंबरोत जन्मला. शिकला डॉक्टरकी, पण रमला ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत. माणूस श्वास कसा घेतो, हा त्याचा ध्यास. खाणीत स्फोट झाला की कामगार नेमके कशाने दगावले, हे शोधायला तो तिथे जाई. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने जातो, हे त्याने १८९६ साली दाखवून दिलं. तो वायू त्याने स्वतःही हुंगून पाहिला होता. विषारी हवेची चाहूल लागावी म्हणून खाणीत लहान प्राणी-पक्षी न्यावेत, हा सल्लाही त्याचाच.

पाणबुड्यांचं दुखणं मात्र वेगळं होतं. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत मुरत जातो. माणूस झटकन वर आला, की सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं तसे अंगात बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, कधी प्राणही जातो. कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ सालीच सांगितलं होतं. पण वर यायचं कसं, याचं नेमकं उत्तर नव्हतं. सावकाश, एकसारख्या गतीने या, एवढंच सांगितलं जाई.

१९०५ साली ब्रिटिश आरमाराने खोल बुडीचा अभ्यास करायला समिती नेमली, तीत हॉल्डेन होता. लंडनच्या लिस्टर संस्थेत लोखंडी टाकीत शेळ्यांवर प्रयोग झाले. दुखू लागलं की शेळी पुढचा पाय उचलून धरायची, तेवढ्यावरून दुखणं कळे. अशा ८५ शेळ्या तपासल्यावर त्याला वाट सापडली. दाब निम्म्यावर आणेपर्यंत धोका फारसा नाही. म्हणजे पन्नास मीटरवरून वीसपर्यंत बेताने लवकर यावं आणि पुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावं. एकसारख्या गतीने येणारा खालीच रेंगाळतो, तिथे आणखी नायट्रोजन मुरवतो आणि शेवटी घाई करतो.

त्याची दुसरी कल्पना मला अधिक मोलाची वाटते. सारं शरीर एकाच वेगाने वायू सोडत नाही. भरपूर रक्त मिळणारे भाग लवकर मोकळे होतात, चरबी मागे राहते. म्हणून त्याने पाच मिनिटांपासून पंचाहत्तर मिनिटांपर्यंतच्या वेगवेगळ्या गतीचे पाच गट कल्पिले आणि सर्वांचा हिशेब ठेवला.

१९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या समुद्रात परीक्षा झाली. डॅमंट आणि कॅटो हे दोन आरमारी पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. हॉल्डेनने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवलं. पोशाख मापाचा नव्हता, आत पाणी शिरलं, पण पोरगा धीराने वर आला. हाच पुढे प्रसिद्ध झालेला जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ साली तो भारतात आला, इथलाच नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

१९०८ साली बोयकॉट आणि डॅमंट यांच्यासह हॉल्डेनने तक्ते प्रसिद्ध केले. ते अचूक होते असं नाही. फार खोल आणि लांबलेल्या बुड्यांना ते अपुरे ठरले, पुढच्यांनी ते सुधारले. झुरिकच्या ब्यूलमानने पाचाचे सोळा गट केले, आणि १९८३ नंतर हे गणित मनगटावरच्या यंत्रात येऊ लागलं. तोवर हॉल्डेनला जाऊन (१९३६) जवळजवळ अर्धशतक लोटलं होतं.

पाणबुड्या पृष्ठभागाच्या चार हात खाली येतो. वर ऊन दिसतं, होडी दिसते, तरी त्याला दोरी धरून थांबावं लागतं. कधी आणि किती थांबायचं हे यंत्र सांगतं. थांबण्याचा संयम मात्र त्याचा त्यालाच आणावा लागतो.