डॉ. सलीम अली : आवडीनिवडीतून ओळख



शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि पदव्यांची लांबलचक यादी उभी राहते. असा मनुष्य आपल्यासारख्यांच्या घरातला नव्हेच, असे आपण मनाशी ठरवून टाकतो आणि त्याचे चरित्र परीक्षेपुरते पाठ करतो. म्हणून सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांची ओळख पुरस्कारांपासून न करता, त्यांना काय आवडे, काय खपत नसे आणि त्यांच्या सवयी काय होत्या, येथून करून घेऊ. मोठेपण कसे घडते, ते या लहान गोष्टींतूनच अधिक स्पष्ट दिसते.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या भावंडांचा सांभाळ केला. गंमत अशी की सलीमची पहिली शाळा ही गिरगावातील मुलींची शाळा होती! बहिणींबरोबर तोही तेथे जाई. पुढे तो सेंट झेवियर्समध्ये गेला.

बाळपणीची त्याची सर्वांत आवडती वस्तू कोणती असेल? पुस्तक नव्हे, तर छऱ्यांची छोटी बंदूक! चिमण्या टिपणे हा त्या काळी मुलांचा खेळ समजला जाई. (आज पक्षी मारणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.) एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला हळदीचा डाग पडावा तसा पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग ती खाणे हलाल की हराम? मुलाने ती मामांपुढे नेली. मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी मुलाला रागावून गप्प बसवले नाही, तर सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला तिकडे पाठवले. साहेबांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. त्या दिवशी एका मुलाच्या आयुष्याला वळण लागले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी याच चिमणीच्या पडण्यावरून नाव दिले.

पालकांनो, येथे क्षणभर थांबा. मामांना पक्षिशास्त्राची पदवी नव्हती. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःला देता आले नाही, पण ज्याला येते त्याच्याकडे त्यांनी मुलाला पाठवले. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

दुसरी आवडती वस्तू म्हणजे टिपणवही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी एका घरचिमणीच्या घरट्याची नोंद लिहून ठेवली. घरट्यापाशी बसलेला नर त्यांनी टिपला, तर मादीने थोड्याच वेळात दुसरा नर मिळवला. सात दिवसांत असे आठ नर झाले. मुलाचा पोरखेळच तो, पण आकड्यांसह जागच्या जागी लिहिलेला! सुमारे साठ वर्षांनी हीच नोंद अभ्यासकांसाठी छापली गेली. बंदुका पुष्कळ मुलांकडे असतील, परंतु वही ठेवणारे किती? छंदाला शिस्त मिळाली म्हणजे त्याचे शास्त्र होते, आणि ही शिस्त त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

आता नावडत्या गोष्टी पाहू. अभ्यासात हा मुलगा हुशार गणला जात नव्हता. डोकेदुखीमुळे शाळा मधून मधून सुटे. १९१३ साली ते मॅट्रिक झाले. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले, तेव्हा ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाणीचा व लाकडाचा धंदा पाहण्यास गेले. धंद्यात मन रमेना, भोवतालच्या जंगलात मात्र रमले. परत आल्यावर हिशेब आणि व्यापारी कायदा शिकता शिकता त्यांनी सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. पण विद्यापीठाची पदवी काही हाती आली नाही.

विद्यार्थ्यांनो, यावरून पदवी नसली तरी चालते असा अर्थ काढू नका. त्या एका कागदाअभावी झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनमध्ये प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! बायको घरात, नोकरी नाही आणि विद्या अशी की तिला बाजारात गिऱ्हाईक नाही.

अशा वेळी ते अलिबागजवळच्या किहीम गावी सासरच्या मंडळींच्या घरी राहिले आणि आडोशाला बसून सुगरण पक्ष्याकडे तासन्‌तास पाहू लागले. आपल्या उमरेड भागात पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारे खोपे तुम्ही पाहिलेच असतील. सुगरण हे नाव बाईचे, पण खोपा विणतो नर. खोपा अर्धा झाला की मादी येऊन तो पारखते. पसंत पडला तर तिथे राहते, मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी शेजारीच नवा खोपा विणायला घेतो. अंडी उबवणे, पिले वाढवणे हे काम मादीचे. सुगरणीच्या संसाराची ही रीत सलीम अलींनी नीट उलगडून दाखवली. बेकारीच्या दिवसांनीच त्यांना नाव मिळवून दिले.

पुढे त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च तुम्ही करा, तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी मी बिनपगारी करतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतून ते तंबू घेऊन हिंडले. पत्नी तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या आणि सुखात वाढलेल्या. त्यांनीही रानातला संसार आनंदाने केला. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव फार खोल होता. बहीण व मेहुणे यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला आणि ते पुन्हा कामाला लागले. १९४१ साली त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघाले. या चित्रमय पुस्तकाने सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवले.

मुक्कामात त्यांना घोरणारा सोबती मुळीच खपत नसे! झोप सावध, त्यामुळे घोरणाऱ्यापासून ते आपली खाट दूर नेत. आणि शौक म्हणाल तर एकच, मोटारसायकलचा! ब्रह्मदेशात लागलेला हा नाद पुढे सनबीम, हार्ले-डेव्हिडसन अशा कितीतरी गाड्यांपर्यंत गेला. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद होती. सलीम अलींनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि युरोपभर फिरून, वाटेत पडत-धडपडत, सामानासह उप्सालाला हजर झाले. हा गृहस्थ हिंदुस्थानापासून गाडी हाकीत आला, अशीच तेथे वदंता पसरली! त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न होते.

मान आला तो नंतर. ज्यांना पदवी नव्हती त्यांना अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. डॉ. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश १९७४ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यांनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी स्वतःसाठी न ठेवता निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. १८७६ नंतर कोणाच्याही नजरेस निश्चितपणे न पडलेला हिमालयातील लावा शोधून काढण्याची त्यांची हौस मात्र अपुरीच राहिली.

महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करते. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी त्याची सुरुवात होते आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी सांगता. उमरेड-करांडल्याच्या अभयारण्यात वाघ पाहायला लोक दुरून येतात. आपण तर त्याच्या उंबरठ्यावरच राहतो. पक्षी पाहायला तिकीटही लागत नाही. शाळेच्या आवारातील कडुनिंबावर पहाटे कोण बोलते, एवढे पाहून लिहिले तरी पुरे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, आजच एक वही करा. तीत तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. सोबत पदवीही मिळवा, म्हणजे दार बंद राहणार नाही. आणि पालकांनो, मूल उद्या हातात काही विचित्र घेऊन आले आणि हे काय, असे विचारू लागले, तर त्याला झिडकारू नका. उत्तर ठाऊक नसेल तर मामांसारखी एक चिठ्ठी लिहा आणि त्याला शाळेत आम्हा शिक्षकांकडे पाठवा.